आधी फक्कीची रेघ, मग खरेदी
वाचकांचे प्रश्न : गोल्फच्या सरावाची साधनं

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय : "कोणतं साधन घेऊ?" चेंडूला नेमकं काय होतंय हे कसं ओळखायचं, ते मात्र दोघातिघांनीच विचारलं. खरं तर तोच प्रश्न आधीचा आहे. खालची उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून दिली आहेत. डावऱ्यांनी दिशा उलट वाचाव्यात.

ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) चेंडू विळ्यासारखा वळून उजवीकडच्या झाडीत जातो. वर्षभरात तीन साधनं झाली : कोपराला बांधायचा पट्टा, दोन्ही हातांच्या मध्ये धरायचा फुगा आणि मध्येच मोडणारा बिजागरीचा क्लब. साधन लावलं की चेंडू बरा जातो, काढलं की पुन्हा झाडी. घरात आता कुरिअरवाला आला की सगळे माझ्याकडे बघतात. चौथं काय घेऊ?
(टिळकवाडी, बेळगाव)

चौथं सध्या काहीच घेऊ नका. चेंडू उजवीकडे वळतो तो मुख्यतः एका कारणाने. चेंडूला लागताना क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, ज्या दिशेला बघत असतो, ती दिशा क्लबच्या मार्गाच्या उजवीकडे असते. ड्रायव्हरच्या बाबतीत दुसरंही एक कारण असतं : चेंडू फेसच्या मध्यावर न लागता हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागतो आणि त्यानेही उजवं वळण चढतं. पट्टा कोपर सरळ ठेवतो, फुगा हात जवळ ठेवतो, बिजागरी हिसका दाखवते. फेस कुठे बघतोय आणि चेंडू कुठे लागतोय, हे तिघांपैकी एकही सांगत नाही.

आधी फटका कुठे लागतो ते पाहा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर आठ आण्याएवढा ठिपका काढा, तो भाग क्लबकडे येईल असा चेंडू टीवर (जमिनीत खोचायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर शाईचा ठसा उमटतो. मोबाईलवर त्याचा फोटो घ्या, फेस पुसा, पुन्हा मारा. असे दहा फटके. एकदोन फटक्यांवरून निष्कर्ष काढू नका. दहांपैकी सहासात ठसे एकाच बाजूला असले तरच ती सवय समजायची.

ठसे हीलकडे असतील तर चेंडूच्या पलीकडे, तुमच्यापासून लांबच्या बाजूला, क्लबच्या टोकापासून बोटभर अंतर सोडून एक जास्तीची टी खोचा. क्लब तिला न लागता फक्त चेंडूला लागला पाहिजे. इथे शिकवणारं साधन म्हणजे एक लाकडी टी.

ठसे मध्यावर असतील तर चेंडू निघतो कुठे ते बघा. चेंडूची सुरुवातीची दिशा बहुतांशी फेस ठरवतो, नंतरचं वळण फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकातून येतं. चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर मार्ग बाहेरून आत, डावीकडे चाललाय. अशा वेळी चेंडूच्या थोडं मागे आणि पलीकडच्या बाजूला पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवा. क्लब बाहेरून आला की खोका उडतो. लाकडी ठोकळा ठेवू नका, मनगट आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) दोन्ही जातील. चेंडू निघतानाच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळत असेल, तर दोष मार्गाचा नसून फेसचा आहे आणि पहिली शंका पकडीवर घ्यायची. चेंडूसमोर उभं राहून खाली पाहा : डाव्या हाताच्या पाठीवर, बोटांच्या मुळाशी असलेले दोन सांधे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे थोडा फिरवा. पकडीच्या आकाराचं रबर बसवलेला सरावाचा क्लब मिळतो. ज्यांचा हात दर वेळी वेगळा पडतो त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो, मात्र सामन्यात तो चालत नाही.

साधनासह तीन फटके, मग साधन काढून तीन, असं आलटून पालटून मारा. सलग चाळीस फटके साधनासह मारले की शरीर त्याच्यावर रेलायला शिकतं. तुमचं बहुधा तेच झालं आहे.

इथे शिकवणारा कोणी जवळ नाही. मोबाईलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर स्वतःचा फटका बघून सुधारता येईल का?
(चिकोडी)

उभं राहणं, वजन कुठे जातं, वर जाताना क्लब कुठे आहे, खाली येताना डोकं किती हलतं, हे सगळं छान दिसतं. चेंडूला लागण्याचा क्षण दिसत नाही. हिशेब साधा आहे. क्लबचा वेग ताशी १५० किलोमीटर धरला, तर तो सेकंदाला जवळपास ४२ मीटर होतो. २४० फ्रेममध्ये दोन चित्रांच्या मधे क्लब साडेसतरा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि चेंडू फेसवर टिकतो तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. त्यामुळे "फेस उघडा दिसतोय" असं मोबाईल बघून ठरवू नका. त्यासाठी वरची शाई.

मोबाईल हातात धरून दुसऱ्याने काढलेलं चित्र उपयोगाचं नाही. तिवई हाताच्या उंचीवर लावा. मागून घेताना कॅमेरा तुमच्या हातांच्या रेषेत आणि लक्ष्याच्या दिशेला समांतर ठेवा. तो दोन पावलं इकडेतिकडे सरकला तरी चांगला मार्ग वाकडा दिसतो, आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

मॅटवर आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) सुरेख लागतं. मैदानावर मात्र क्लब आधी मातीत जातो आणि चेंडू पुढ्यात पडतो. मॅट बदलू का?
(खानापूर)

मॅटचा दोष नाही. ती तुमची चूक झाकते, एवढंच. क्लब चेंडूच्या पाच सेंटिमीटर मागे टेकला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू ठीक उडतो. मातीत तोच क्लब रुततो.

कबड्डीचं मैदान आखायला लागते तशी फक्की घ्या, नसेल तर रांगोळी. लक्ष्याच्या दिशेला काटकोनात दोन मीटरची रेघ मारा. रेघ दोन्ही पायांच्या मधे येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता नऊ नंबरच्या आयर्नने स्विंग करा. एक पाऊल सरकून पुन्हा, असं दहा वेळा. माती उडाल्याची खूण रेघेवर किंवा तिच्या किंचित पुढे सुरू व्हायला हवी. मागे सुरू होत असेल तर किती बोटं मागे ते मोजून वहीत लिहा. दोन कारणं वारंवार सापडतात : वजन उजव्या पायावर अडकून राहणं, किंवा चेंडू डाव्या पायाकडे फार पुढे ठेवणं. आधी चेंडू एक चेंडूभर मागे घेऊन बघा, ते फुकट आहे. फरक पडला नाही तर उजवी टाच फटक्यानंतर उचलली जाते का ते पाहा. ती जमिनीलाच चिकटलेली असेल तर वजन पुढे गेलेलंच नाही.

खानापूरकडची लाल जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिच्यावर आयर्न आपटू नका. मनगट दुखतं आणि फेसवर ओरखडे येतात. आदल्या संध्याकाळी पाणी मारा, नाहीतर दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद जागेत चार सेंटिमीटर वाळू पसरा. मॅटवरच सराव करायचा झाला तर चेंडूच्या मागे दहा सेंटिमीटरवर घडी घातलेला पंचा ठेवा. पंचा उडाला की फटका जाड, म्हणजे क्लब चेंडूच्या आधीच टेकला.

मॅटखाली पातळ फोमचा थर जरूर टाका. फरशीवर थेट अंथरलेल्या मॅटने कोपर धरतं. आणि पायाखालीही तेवढ्याच जाडीचं प्लाय घ्या, नाहीतर चेंडू पायापेक्षा वर आणि मैदानावर पुन्हा गोंधळ.

पावसाळ्याचे चार महिने हातच थंडावतो. गच्चीवर क्रिकेटची जाळी लावून ड्रायव्हर मारावा म्हणतो. शेजारी चांगले आहेत.
(अनगोळ, बेळगाव)

शेजारी चांगले राहावेत म्हणून ड्रायव्हर गच्चीवर मारू नका. हौशी माणसाच्या ड्रायव्हरवरूनही चेंडू ताशी दोनशे किलोमीटरच्या वर निघतो, आणि गच्चीवरून सुटलेला चेंडू खाली रस्त्यावर जातो. गच्चीवर छोट्या चिपसाठी (जवळच टाकायच्या हलक्या फटक्यासाठी) खरा चेंडू आणि पूर्ण फटक्यासाठी फोमचा, एवढंच ठेवा. पूर्ण फटके खऱ्या चेंडूने मारायचे असतील तर तळमजल्यावरचं अंगण किंवा पत्र्याचं शेड शोधा. (मैदानाची वाट बंद व्हायला पाऊसच लागतो असं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळांनाही सुट्टी द्यावी लागली होती.)

क्रिकेटची जाळी चालत नाही, कारण तिची छिद्रं साधारण ४० ते ५० मिलिमीटरची असतात. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमाने किमान ४२.६७ मिलिमीटर. जाळीतून तो आरपार जातो किंवा अडकून दोरा कापतो. २५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची जाळी मागा. उन्हात ठेवायची असेल तर ऊन सोसणारा दोरा आहे का ते विचारा. साधं नायलॉन उन्हाने कुजतं आणि ते वरून कळत नाही. दर महिन्याला मध्यभागाचे दोरे बोटाने ताणून पाहा.

समोरची जाळी निदान तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. चेंडू जाळीपासून अडीच ते तीन मीटरवर ठेवा. जाळी खाटेसारखी ताणून बांधणं ही सगळ्यांची पहिली चूक, त्याने चेंडू तितक्याच जोराने तोंडावर परत येतो. जाळी सैल सोडा, मागे भिंतीपर्यंत निदान अर्धा मीटर मोकळं ठेवा. त्या मोकळ्या जागेत वरच्या पाइपला एक जुनी वाकळ नुसती टांगती ठेवा, खालून बांधू नका. वाकळ मागे ढकलली जाते, चेंडूचा जीव जातो आणि तो तिथेच खाली पडतो. विकतच्या जाड कापडापेक्षा आजीची वाकळ सरस ठरते, हे आमचं ठाम मत. जाळीचा खालचा हातभर भाग जमिनीवर पुढे वळवून टाका, म्हणजे खालून चेंडू निसटत नाही.

बाजूच्या जाळ्या विसरू नका, विशेषतः उजवी. चेंडू क्लबच्या मानेला, दांडा जिथे बसतो तिथे लागला की तो तिरपा उजवीकडे सुटतो आणि समोरच्या जाळीला शिवतही नाही. उजव्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, चहा घेऊन आलेलं माणूसही नाही. वर छत तीन मीटरच्या आत असेल तर आधी क्लब हळू फिरवून बघा. सांगाडा प्लास्टिकच्या पाइपचा केला तर आषाढातल्या वाऱ्यात तो शेजारच्या गच्चीवर सापडेल. जीआय पाइप घ्या आणि पायात वाळूची पोती ठेवा.

लेथवर ड्रायव्हरसाठी वजनदार लोखंडी कडं करावं असा विचार आहे. कडं घालून फिरवलं तर वेग वाढेल ना?
(उद्यमबाग, बेळगाव)

कडं काढल्यावर क्लब हलका वाटतो. हलका वाटला म्हणजे वेग वाढला असं नाही. शिवाय घरी केलेलं कडं सैल झालं तर ते गोफणीसारखं सुटतं. वेगासाठी जे संच विकतात त्यांत ड्रायव्हरपेक्षा हलकी आणि थोडी जड अशा वेगवेगळ्या काठ्या असतात. खरं काम हलकी काठी पूर्ण जोराने फिरवण्याने होतं. अंग गरम करून, एक दिवसाआड, मोजके फटके. पाठ आधीच धरत असेल तर त्या नादाला लागू नका.

हात कसलेला आहे तर त्यापेक्षा एक चांगली वस्तू करा : स्टिम्पमीटर. १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी हौशी खेळाडूने ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, वेग मोजायला ही घसरपट्टी लाकडात बनवली होती. आता ती ॲल्युमिनिअमची असते. लांबी ३६ इंच, व्ही आकाराची खोबण, खोबणीचा कोन १४५ अंश. जमिनीला टेकणाऱ्या टोकापासून ३० इंचांवर चेंडू बसेल एवढी खाच. खालचं टोक घासून पातळ करायचं, नाहीतर उतरताना चेंडू उडी मारतो. पट्टी हळू उचलत गेलं की २० अंशांच्या आसपास चेंडू खाचेतून आपोआप सुटला पाहिजे. जास्त उचलावी लागली तर खाच खोल झाली आहे, थोडी घासा.

सपाट जागा पाहून एका दिशेला तीन चेंडू सोडा. तिघं एकमेकांपासून आठ इंचांच्या आत थांबले तर सरासरी घ्या, मग उलट दिशेने तीन. दोन्ही सरासऱ्यांची सरासरी फुटांत म्हणजे ग्रीनचा वेग. आता हीच पट्टी घरच्या गालिच्यावर लावा. घरी दहा फूट आणि मैदानावर सात येत असतील, तर घरचा पटिंगचा (चेंडू घरंगळत भोकाकडे नेण्याचा) सराव दिशेपुरता ठीक, जोरासाठी घातक. सतरंजी, गोणपाट, जाजम असं बदलत मैदानाच्या जवळचा आकडा सापडेपर्यंत बघा.

क्लबच्या डोक्याचं वजन वाढवायचंच असेल तर शिशाची चिकटपट्टी लावतात. डोक्यावर दोन ग्रॅम वाढले की स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड वाटतं त्याचं माप) एका अंकाने चढतं, म्हणून पट्टी अंदाजाने कापू नका. शहापूरच्या सराफाच्या काट्यावर तोलून आणा. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि फेरी सुरू झाल्यावर पट्टी काढू वा लावू नका.

गोव्याला खेळायला गेलो की प्रत्येक क्लब कमी पडतो. तिथली हवा दमट आणि जड म्हणून का? माझ्या मोजणी यंत्राचे आकडेही तिथे जुळत नाहीत.
(निपाणी)

दमट हवा जड असते हा घामाने झालेला समज. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. फरक पडतो तो उंचीचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि या उंचीने हवेतलं अंतर अडीच ते तीन टक्के वाढतं. सात नंबरचं आयर्न इथे १४० यार्ड जात असेल तर गोव्यात चार यार्ड कमी. दोन क्लबांतलं अंतर दहाबारा यार्डांचं असतं, म्हणजे पूर्ण क्लब काही उंचीमुळे जात नाही. उरलेलं समुद्रावरच्या वाऱ्यात आणि मऊ जमिनीत शोधा.

मोजणी यंत्राच्या ॲपमध्ये उंचीची नोंद असेल तर ती ठिकाणाप्रमाणे बदला. रडारचं यंत्र चेंडूच्या मागे, पुस्तिकेत दिलंय तेवढ्याच अंतरावर आणि अगदी लक्ष्याच्या रेषेत ठेवा. जाळीत मारताना त्याला चेंडूचं उड्डाण फक्त दोनतीन मीटर दिसतं, बाकी सगळं गणित. स्वस्त यंत्रांत चेंडूच्या वेगावर विश्वास ठेवा, फिरकीच्या आकड्यावर बेताने. सरावाचे जुने, घासलेले चेंडू कमी जातात, हेही धरा.

दिशेच्या काठ्या आणि अंतर मोजायची दुर्बीण सामन्यात चालते का?
(कॅम्प, बेळगाव)

काठ्या पिशवीत असल्या तर हरकत नाही. उभं राहायला मदत म्हणून जमिनीवर ठेवलीत तर दोन फटक्यांचा दंड, मारण्याआधी उचलली तरी सुटका नाही. वजनाचं कडं किंवा काठी वापरून सरावाचा स्विंग केला तरी दोन फटके, दुसऱ्यांदा केला तर बाद. दुर्बीण २०१९ पासून चालते, स्थानिक नियमाने मनाई नसेल तर. चढउताराचा हिशेब दाखवणारं बटण मात्र बंद हवं. सरावासाठी फायबरच्या काठ्या घेत असाल तर टोकांना चिकटपट्टी गुंडाळा, कुसळं हातात घुसतात. वायरिंगची प्लास्टिक पाइप चार फूट कापून घेतली तरी तेच काम होतं.

मुलगी अकरा वर्षांची. तिच्या बाबांचे जुने क्लब कापून द्यावेत असं तिचे काका म्हणतात. सोबत एखादं सरावाचं साधनही घ्यावं का?
(हिंदवाडी, बेळगाव)

काकांना सांगा, कापू नका. मोठ्यांचा दांडा कापला की तो आणखी कडक होतो आणि डोकं तेवढंच जड राहतं. मुलगी मग तो पेलायला मागे झुकते, आणि ती लकब पुढे वर्षानुवर्षं जात नाही. तिच्या उंचीचे मुलांचे चार क्लब पुरेत : एक लाकूड (लांब फटक्याचा क्लब), एक मधलं आयर्न, एक वेज (जवळून चेंडू उंच उचलायचा), एक पटर (घरंगळवायचा). साधन म्हणून अंगणात एक घमेलं ठेवा, पाच, आठ आणि बारा पावलांवरून त्यात चेंडू टाकायला सांगा. पटिंगसाठी दोन टी पटरपेक्षा बोटभर जास्त अंतरावर खोचा आणि मधून फटका काढायला लावा. पट्टे, फुगे, आरसे आत्ता नकोत.

पावसात ग्रिप (क्लबच्या मुठीचं रबर) साबणासारखी होते. घरी बदलता येईल का? नोकरीत असताना रायफल साफ करायची सवय होती, हात चालतो.
(निवृत्त सुभेदार, बेळगाव)

सुभेदारसाहेब, आधी ग्रिप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने ब्रश मारून धुऊन बघा. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं. रबर चकाकत असेल किंवा अंगठ्याखाली खड्डा पडला असेल तर बदला.

शाफ्ट रबराचे तुकडे लावून शिकंजात धरा, हलकाच आवळा, ग्रॅफाइट चिरडतं. आकड्यासारख्या पात्याने ग्रिप तुमच्यापासून लांब दिशेने चिरा. ग्रॅफाइटवर पातं सपाट ठेवा, टोक रुतवू नका. जुनी टेप खरवडून काढा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ग्रिपच्या लांबीएवढी लावा, वर बोटभर जास्त सोडून ती पिळून दांड्याच्या भोकात आत घाला. ग्रिप जाड हवी असेल तर खाली मास्किंग टेपचे एकदोन थर द्या, प्रत्येक थराने जाडी थोडी थोडी वाढते.

ग्रिपच्या टोकाचं छिद्र टीने बंद करा. आत रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन ओता, तोंड दाबून हलवा आणि तेच सगळं टेपवर ओता, खाली ताट ठेवून. पेट्रोल वापरू नका, आणि जवळ देवघराचा दिवाही नको. आता ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. फसतं ते इथेच : टर्पेंटाइन कमी पडतं किंवा हात अर्ध्यावर थबकतो, आणि ग्रिप तिथेच चिकटते. मग ती कापून पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण बसल्यावर फेस सरळ धरून ग्रिपवरची रेघ जुळवा, त्यासाठी मिनिटभर मिळतं. एरवी रात्रभरात वाळते, पण पावसाळी हवेत पूर्ण एक दिवस क्लब कोपऱ्यात उभा ठेवा. ग्रिप दोन्ही हातांनी पिळून पाहा. जराही फिरली तर आणखी एक दिवस.